ज्येष्ठांच्या निर्वाहाचा अर्ज: प्रांत कार्यालयात जाण्याआधीची आणि नंतरची कामे

"मुलगा व सून त्रास देतात, तरी योग्य तो न्याय मिळावा, ही नम्र विनंती." खाली थरथरती सही, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. ज्येष्ठ नागरिकांचे पुष्कळ अर्ज असेच दाखल होतात आणि मग तारखांवर तारखा पडत राहतात. पैसे हवेत की घर हवे, किती हवे, कोणाकडून हवे, हे अर्जात नसते. अधिकाऱ्याने सहानुभूतीने वाचले तरी त्याला आदेश कशाचा द्यायचा?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, यांच्यापुढे चालतो. पद्धत संक्षिप्त आहे. दिवाणी दाव्यासारखी वर्षे जाऊ नयेत हाच त्यामागचा हेतू. पण कामकाज संक्षिप्त असल्यामुळेच अर्जात जे मांडले नाही, ते पुढे मांडायला फारशी जागा उरत नाही. म्हणून खालचे पहिले पाच टप्पे घरी बसून पुरे करायचे आहेत.

(आपल्याकडे 'मेंटेनन्स' म्हटले की सोसायटीची पावती डोळ्यांपुढे येते. गोंधळ नको म्हणून पुढे 'निर्वाह भत्ता' हाच शब्द वापरला आहे.)

टप्पा १: नेमके काय हवे ते ठरवा

मागण्या तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीला पुरावा वेगळा लागतो.

पहिली, दरमहा पैसे. त्यासाठी स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून भागत नाही, हे दाखवावे लागते. दुसरी, स्वतःच्या घरात शांतपणे राहता येणे किंवा त्रास देणाऱ्याने घर सोडणे. त्यासाठी घर आपले आहे आणि त्रास होतो, या दोन्ही गोष्टी लागतात. तिसरी, मुलाला लिहून दिलेले घर परत मिळणे. ही सर्वांत अवघड, तिच्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

एका अर्जात तिन्ही मागता येतात. मात्र प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र कारण द्या.

इशारा: आज रात्री मारहाण होते आहे किंवा घराबाहेर काढले आहे, तर प्रांतांचा अर्ज हा त्यावरचा इलाज नव्हे. ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. सांभाळायची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणे हा याच कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्रास आईला होत असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे राहत्या घराबाबत आदेश मागता येतो. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मोफत विधी सेवेची १५१०० आहे.

टप्पा २: कोणाविरुद्ध? एकालाही वगळू नका

कायद्यातल्या 'मुले' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात, सज्ञान असतील तर. आई-वडिलांत सावत्र आणि दत्तकही धरले आहेत. आई-वडील म्हणून अर्ज करायला ६० वर्षे पूर्ण असण्याचीही गरज नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला मात्र ६० ची अट आहे. त्याने अशा सज्ञान वारसाविरुद्ध अर्ज करायचा, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती पुढे मिळणार आहे.

इथे दोन चुका हमखास होतात.

एक, सुनेकडून किंवा जावयाकडून भत्ता मागणे. व्याख्येत ते दोघे नाहीत, तेव्हा ती मागणी टिकत नाही. घर रिकामे करून मागायचे असेल तर मात्र सून त्याच घरात राहत असल्यामुळे तिला सामनेवाली, म्हणजे अर्जातली विरुद्ध बाजू, करावेच लागते. नाहीतर तिला ऐकून न घेता दिलेला आदेश वर टिकणे कठीण.

दोन, "मुलीचे लग्न झाले, ती परक्याच्या घरी, तिला कशाला ओढायचे" म्हणून तिचे नाव गाळणे. लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांची जबाबदारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या संदर्भात १९८७ मध्येच सांगितले आहे. त्यापेक्षा व्यवहाराची गोष्ट अशी: तुम्ही नाव गाळले तरी मुलगा पहिल्याच तारखेला "बहिणीलाही बोलवा" असा अर्ज देऊ शकतो. कायदा त्याला ती मुभा देतो. मग तिची नोटीस, तिची वाट पाहणे, महिना गेला. मुलीकडून पैसे नको असतील तर तिला सामनेवाली करा आणि मागणीत तिच्यापुढे रक्कम लिहू नका.

तपासा: प्रत्येक सामनेवाल्याचा घरचा पत्ता विंग, फ्लॅट क्रमांक आणि पिनकोडसह, नोकरीचा पत्ता आणि मोबाइल लिहिला आहे का? निकालाची ९० दिवसांची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजत नाहीत, ती नोटीस बजावल्यापासून सुरू होते. अपवादात्मक कारण नोंदवून ती एकदाच ३० दिवसांनी वाढवता येते. पत्ता अर्धवट म्हणून नोटीस परत आली, तर घड्याळ सुरूच झालेले नसते. अर्ज रखडण्याचे हे कारण सगळ्यांत फुटकळ आणि सगळ्यांत जास्त नडणारे.

टप्पा ३: कोणते प्रांत?

तुम्ही राहता तो जिल्हा, याआधी शेवटचे राहत होता तो जिल्हा किंवा मूल राहते तो जिल्हा, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. प्रवास करवत नसेल तर राहते ठिकाणच निवडा.

गफलत नकाशाची होते. नवी मुंबई हे नाव एक, जिल्हे दोन. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा पट्टा ठाणे तालुक्यात, म्हणून ठाण्याचे प्रांत. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगड जिल्ह्यात, म्हणून पनवेलचे प्रांत. डोंबिवलीकरांनी ठाण्याला न येता कल्याण गाठावे. चेकनाका ओलांडून मुलुंडला राहणाऱ्यांचा जिल्हा मुंबई उपनगर, घर ठाणे स्टेशनपासून दहा मिनिटांवर असले तरी.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पहिला अर्ज नेऊन दिला, तर तो फिरून प्रांतांकडेच येणार. त्या पातळीवर अपील चालते.

टप्पा ४: महिन्याचा हिशेब मांडा आणि मग मार्ग निवडा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे उत्पन्न, उजवीकडे खर्च. अंदाजाने "पंधरा-वीस हजार लागतात" असे लिहू नका, ज्याची पावती दाखवता येईल तेच आकडे धरा. एकट्या राहणाऱ्या आईचा नमुना असा:

उत्पन्न: पेन्शन २,३५०, मुदत ठेवीचे व्याज १,९००. एकूण ४,२५०.

खर्च: किराणा, भाजी, दूध ६,०००. औषधे ३,२००. सोसायटीचे बिल २,९००. वीज आणि गॅस १,५००. कामवाली १,८००. डॉक्टर व तपासण्या १,२०० (वर्षाचे १४,४०० भागिले १२). मोबाइल, रिक्षा वगैरे ६००. एकूण १७,२००.

तूट: १२,९५० रुपये.

इथेच थांबून विचार करायचा, कारण या कायद्याखाली महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त भत्ता देता येत नाही. तूट त्याच्या आत असेल तर प्रांतांचा मार्ग सोपा. तूट बरीच मोठी असेल आणि मुलाची कमाई चांगली असेल, तर दुसरा मार्ग आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे जुने कलम १२५. त्यात अशी कमाल मर्यादा नाही. पूर्वी त्या कलमाखाली आई-वडिलांना मुलाच्या गावी जाऊन अर्ज करावा लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने आई-वडील राहतात तिथेही तो करता येतो.

इशारा: दोन्हींपैकी एकच. कायद्याचे कलम १२ निवड करायला लावते. "दोन्हीकडे टाकून ठेवू, जिथे आधी होईल तिथे" हा हिशेब अंगाशी येतो. समोरच्याचा पहिला आक्षेप तयारच असतो.

वरच्या उदाहरणातल्या आईला आमचा सल्ला प्रांतांचाच राहील. १०,००० लवकर मिळणे हे १३,००० च्या आशेवर कोर्टात बसून राहण्यापेक्षा बरे. पण महिन्याला केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असेल, तर गणित उलटे होते.

हिशेबात उत्पन्न लपवू नका. ठेव दडवली आणि मुलाने पासबुकाची प्रत काढून दाखवली, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

टप्पा ५: घराचे कागद काढा आणि तीनपैकी कोणती स्थिती ते ओळखा

इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), करारनामा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती. सिडकोचे घर असेल तर वाटपपत्र आणि हस्तांतराचे आदेशही. कागद समोर ठेवले की खालीलपैकी एक स्थिती निघते.

अ) घर फक्त तुमच्या नावावर. ही सर्वांत भक्कम बाजू. मुलाने घर सोडावे असा आदेश प्रांत देऊ शकतात, मात्र तो सरसकट मिळत नाही. त्रासाचे पुरावे लागतात: तारीखवार नोंदी, पोलिसांच्या पोचा, शेजाऱ्यांचे जबाब, दवाखान्याचे कागद. आणि घरात सून असेल तर सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क डावलून तिला झटपट बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. सुनेसाठी पर्यायी सोयीची तयारी असेल तर अर्जातच लिहा.

ब) घर संयुक्त नावावर. कर्ज मिळावे म्हणून मुलाचे नाव आधी टाकलेले फ्लॅट आपल्याकडे ढिगाने आहेत. मालकी कोणाची, हा वाद प्रांत सोडवत नाहीत, तो दिवाणी न्यायालयाचा. अशा वेळी "घर माझे आहे" यावर पानेच्या पाने खर्चू नका. निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र आणि औषधोपचाराबरोबर निवासही येतो. तो धागा पकडून "राहत्या खोलीचा, स्वयंपाकघराचा व संडास-बाथरूमचा वापर अडवू नये" असे मागा.

क) घर मुलाला लिहून दिले आहे. इथे कलम २३. कायदा लागू झाल्यानंतर बक्षीसपत्राने किंवा अन्य प्रकारे हस्तांतर झाले असेल, घेणाऱ्याने मूलभूत गरजा भागवायच्या अशी अट असेल आणि तो ते करत नसेल, तर ते हस्तांतर रद्द ठरवून मागता येते.

अडते ते 'अट' या शब्दावर. तयार नमुन्यातल्या बक्षीसपत्रात "नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणत्याही अटीशिवाय" असे छापलेलेच असते. कॉम्प्युटरवाला ते बदलत नाही आणि सही करणारा ते वाचत नाही. अट होती हे अर्जात मांडून सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ उदारपणे लावला. त्या प्रकरणात मुलाने आईला सांभाळण्याचे वचनपत्र लिहून दिलेले होते. म्हणजे बक्षीसपत्रात अट नसेल तर आजूबाजूचे कागद शोधा: त्याच सुमाराचे मुलाचे पत्र, व्हॉट्सॲपवरचा मजकूर, सोसायटीला दिलेले हमीपत्र. काहीच नसेल तरी भत्त्याची मागणी उभी राहते. ती सोडू नका.

वडील गेल्यावर आईने मुलाच्या नावे केलेले हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून देण्याचा दस्त, हाही याच वर्गातला धोका. कलमात 'अन्य प्रकारे' हे शब्द आहेत, त्यामुळे तेही तपासून घ्यावे.

ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी: राहते घर मुलाला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये इतके कमी आहे, म्हणून घाई होते. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र नाही. तरीही करायचेच असेल तर निदान एवढे वाक्य घालून घ्या: "देणार हयात असेपर्यंत त्यांना सदर घरात राहण्याचा हक्क राहील. घेणार यांनी देणार यांचे अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार यांचा खर्च करावयाचा असून, या अटीवरच हे बक्षीसपत्र केले आहे. अटीचा भंग झाल्यास देणार यांना ते रद्द करून घेण्याचा हक्क राहील."

टप्पा ६: अर्ज लिहा

विहित नमुना कार्यालयात मिळतो. नमुन्यात जागा कमी पडते, म्हणून सोबत दोन पाने जोडा, दहा नकोत. लहानपणापासूनचा मुलाचा सांभाळ, त्याच्या शिक्षणाचा खर्च, लग्नातले मानपान, यातले काही लिहू नका. सलग क्रमांकाने एवढेच: तुम्ही कोण, वय, कुठे राहता. मुले किती, काय करतात, अंदाजे कमाई. तुमचे उत्पन्न आणि खर्च, हिशेबाचा कागद जोडून. मुलांनी देणे कधी थांबवले. त्रास असेल तर तारखांसह तीन-चार प्रसंग. घराची स्थिती. शेवटी मागणी.

मागणीचा परिच्छेद असा असावा:

"सामनेवाले क्र. १ यांनी ६,००० रुपये व क्र. २ यांनी ४,००० रुपये दरमहा निर्वाह भत्ता, अर्जाच्या तारखेपासून, प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करावा. अंतिम आदेश होईपर्यंत दरमहा ६,००० रुपये अंतरिम भत्ता द्यावा. रक्कम थकल्यास त्यावर व्याज द्यावे."

यातले 'अर्जाच्या तारखेपासून' हे शब्द विसरू नका. तसा आदेश नसेल तर भत्ता निकालाच्या तारखेपासून लागू होतो आणि मधले महिने बुडतात. अंतरिम भत्त्यासाठी तर एक पानाचा वेगळा अर्जच द्या. मुख्य अर्जाच्या पोटात दडलेली ती ओळ नजरेतून सुटते. व्याज ५ ते १८ टक्के या दरम्यान लावता येते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. सही किंवा अंगठ्यासह अधिकारपत्र आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.

टप्पा ७: दाखल करा

जितके सामनेवाले तितक्या प्रती, एक कार्यालयाची, एक तुमची. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "उद्या या, नंबर पडेल" म्हटले तर निदान तारखेचा शिक्का तरी घ्या. पंधरा दिवसांनी जाऊन नोटीस निघाली का, बजावली गेली का, एवढे दोनच प्रश्न विचारा. मूल परदेशात असेल तर नोटिशीला जास्त वेळ लागतो. भारतात राहणाऱ्या भावंडावरची कार्यवाही त्यासाठी थांबवू नये, अशी लेखी विनंती द्या.

कायद्याच्या कलम १७ मध्ये वकिलाला मनाई लिहिली आहे. तिच्यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वाद झाले आहेत, त्यामुळे मुलगा वकील घेऊन आला तर गोंधळून जाऊ नका. अर्ज वकिलाकडून तपासून घ्यायला हरकत नाही. सुनावणीत मदत हवी असेल तर कलम १८ खालच्या निर्वाह अधिकाऱ्यामार्फत बाजू मांडता येते.

टप्पा ८: समेट आणि सुनावणी

सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकते, त्यांना एक महिना असतो. समेट वाईट नाही, अनेकदा तोच टिकतो. पण कार्यालयाच्या व्हरांड्यात "आई, आता घरी चल, सगळे नीट होईल" म्हटल्यावर अर्ज मागे घेऊ नका. कबूल झालेले कागदावर आणा: रक्कम, तारीख, खाते, औषधांचा खर्च कोणाचा. आणि त्यावर न्यायाधिकरणाचा, म्हणजे प्रांतांचा, आदेश मागा. नुसत्या कबुलीची वसुली होत नाही, आदेशाची होते.

सुनावणीला मूळ कागद, गेल्या तीन महिन्यांच्या औषधांच्या पावत्या आणि अद्ययावत पासबुक न्या. मुलगा "मी किराणा भरतो" म्हणाला तर भांडू नका, पावती दाखवायला सांगा. नोटीस मिळूनही कोणी आले नाही, तर एकतर्फी कामकाज मागता येते.

टप्पा ९: आदेश हाती आल्यावर

प्रत मोफत मिळते. पैसे ३० दिवसांत जमा व्हायला हवेत. न झाल्यास वसुलीचा अर्ज करा. रक्कम वॉरंटने वसूल होते आणि तरीही न भरल्यास एक महिन्यापर्यंत किंवा आधी भरणा होईपर्यंत कैद होऊ शकते.

इशारा: थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. "वर्षभराचे साठू दे, एकदमच मागू" म्हणणाऱ्यांचे जुने महिने हातचे जातात. दोन हप्ते चुकले की तिसऱ्याची वाट न पाहता अर्ज द्या.

औषधांचा खर्च वाढला किंवा मुलाची नोकरी गेली, तर भत्ता बदलून मागता येतो. आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील करता येते. मुलाने वर दाद मागितली म्हणून भत्ता आपोआप थांबत नाही. तो थांबवला असेल तर त्या महिन्याची वसुलीही वरच्याच पद्धतीने, त्याच ३ महिन्यांच्या आत.